डोलकाठी वाकडी आहे

आमच्या कार्यशाळेत दोन नियम आहेत. ज्याचं चित्र भिंतीवर, त्याने सगळ्यांना कॉफी ओतायची. आणि सगळे बोलून होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला जड जातो, पण त्या दिवशी मला धास्ती होती ती पहिल्याची.

माझा उजवा हात थरथरतो. जानेवारीपासून. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि ते नाव मी आजतागायत कुणाजवळ काढलेलं नाही. स्वेनबोर्गच्या बंदरामागे, जाळी ठेवायच्या जुन्या गोदामात आम्ही चौघं तीस वर्षं लिनो कोरतोय, म्हणजे मऊ लिनोलियमच्या पाटीवर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे काढतोय. सरळ, स्वच्छ रेघ हीच माझी ओळख. हाताचं कळलं तर हे लोक माझी कीव करणार. आणि कीव दिसली की कार्यशाळेची किल्ली टेबलावर ठेवून कायमचं चालतं व्हायचं, हे मी घरूनच ठरवून आले होते. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून दाबायचा थर्मास आणला होता. वरून दाबलं की कॉफी आपोआप कपात. चित्रही विचार करूनच निवडलेलं: वाऱ्याने पिसाळलेलं खाडीचं पाणी आणि त्यात एक होडी. पाण्यात कुणाला थरथर दिसणार होती?

"हे काय गं, आज यंत्र?" विबेके म्हणाली. ही आमची निवृत्त दाई, हिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"उठबस वाचते," म्हणत मी हात एप्रनच्या खिशात कोंबला.

ठसा भिंतीवर लागला. तोरकिल्ड खुर्ची ओढून अगदी नाकाजवळ जाऊन बसला. ठसा त्यानेच काढलेला, कारण प्रेसच्या चाकाला तो दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. तीस वर्षांत त्याने माझ्या एकाही चित्राला धड म्हटलेलं नाही. आज मात्र गप्प होता, आणि त्याचं गप्प बसणं मला शिव्यांपेक्षा वाईट वाटत होतं.

"पाणी काय जिवंत झालंय, बाई!" विबेके म्हणाली. "अखेर रेघा मारायची तुझी ती पट्टी सुटली म्हणायची."

मला बरं वाटलं आणि लगेच मळमळलं. कौतुक माझं होतं की आजाराचं?

मग आस्ता. शाळेत गणित शिकवते, बोलणं फटकळ. "पाणी छान. पण डोलकाठी वाकडी आहे. मधेच वळलीय. एलिनोर, तू अशी काठी सोडशील? छे!"

झालं. खिशातला हात मांडीवर ताड ताड आपटायला लागला. मी तो डाव्या हाताने दाबून धरला.

"माझी चूक," तोरकिल्ड म्हणाला. "दाबताना कागद सरकला."

विबेके कपात बघू लागली. आस्ता म्हणाली, "अच्छा, कागद सरकला होय," आणि दालचिनीच्या पावाचा तुकडा तोंडात टाकला.

अहो, कागद सरकला की सगळंच चित्र दुहेरी उमटतं! एकटी डोलकाठी कशी वळेल? हे इथे पहिल्या आठवड्यात कळतं. आणि प्रेसवर आपली चूक झाली असं तोरकिल्डने जन्मात कबूल केलेलं नाही.

म्हणजे यांना सगळं माहीत होतं.

"मूर्ख समजता का रे मला?" नियम गेला खड्ड्यात, मी ओरडलेच. "कधीपासून माहितीये?"

"ईस्टरपासून," आस्ता हळूच म्हणाली. "तू अर्धाच कप भरून घ्यायला लागलीस तेव्हापासून."

"आणि पाण्याचं कौतुक? ती भीक होती?" मी किल्ली काढून टेबलावर आपटली. रडू फुटत होतं आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

तोरकिल्ड वळला. "मी केलं का कौतुक?"

"नाही."

"वीस मिनिटं पाण्यात खोट शोधतोय. सापडत नाही, म्हणून डोकं फिरलंय माझं. असं पाणी तुला पूर्वी कधी जमलं नव्हतं, तुझं पाणी म्हणजे नुसती इस्त्री केलेली चादर! डोलकाठी मात्र भिकार आहे. कागदाचं मी खोटं बोललो, चुकलो. कापून टाक ती. आणि यापुढे काठ्या कोरू नकोस."

त्याने लिनो माझ्यापुढे सरकवला आणि कोरणी हातात दिली. मी खिशातून हात काढला. तिघांसमोर तो नाचत होता. कोरणी दोनदा घसरली, पण काठी जायचीच होती, घसरली तर घसरली. दहा मिनिटांत साफ झाली. तोरकिल्डने शाई फिरवली, नवा ठसा काढला. काठीविना होडी लाटांच्या पार स्वाधीन झालेली दिसत होती.

"आता डावीकडे गर्दी झालीय," तो खेकसला. "आणि आभाळ पोकळ."

"आभाळाला हात लावणार नाही, म्हाताऱ्या!"

किल्ली मी एप्रनच्या खिशात टाकली. फळीवरचा जुना कॉफीचा जग काढला, थर्मास त्यात रिकामा केला आणि नियमाप्रमाणे ओतायला घेतली. थोडी तोरकिल्डच्या कपात गेली, बरीचशी बशीत. त्याने बशी उचलली आणि फुर्रकन प्यायला.