रेहानसाठी थांबलेली पाठवणी

"अम्मी, नेटवर बघितलं! लिस्बन ते फ्रँकफर्ट फक्त तीन तास. उद्या बाराला निघालो की तीनला तिकडे. दुबईचं विमान साडेचारला. आरामात!" रेहान जहाजावरून फोनवर ओरडत होता.

दुबईत, देरा भागातल्या ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या सुरैय्याने हातातलं पेन खाली ठेवलं. शाळेतून थेट तिथे आलेल्या धाकट्या लेकीने, माहनूरने, ते लगेच टिपलं. अम्मी पेन खाली ठेवते म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय!

"आणि घड्याळ कोण पुढे करणार, बेटा? फ्रँकफर्ट एक तास पुढे आहे. उतरेपर्यंत चार. अर्ध्या तासात पुढचं विमान मिळेल?"

जहाजावर घड्याळ कधी बदलायचं ते कॅप्टन सांगतो. खलाशी रेहानला तीच सवय लागलेली. जहाज ऐनवेळी जर्मनीऐवजी पोर्तुगालला वळलं होतं, कंपनीचं तिकीट मात्र फ्रँकफर्टहूनच. आणि परवा, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर, नौशीनचा निकाह. अब्बा हयात नाहीत, म्हणजे बहिणीचा निकाह लावून देणारा वली रेहानच.

सुरैय्या कीबोर्डवर तुटून पडली. माद्रिद, झ्युरिक, पॅरिस... युरोपात कधी पाय न ठेवलेली ही बाई तिथल्या विमानतळांवरून अशी फिरत होती, जशी देराच्या गल्ल्यांतून भाजी घ्यायला निघालीय. माहनूर बघतच राहिली. पण सगळी विमानं भरलेली. जागा मिळाली ती थेट शुक्रवारी संध्याकाळी पोचणाऱ्या विमानात.

"माझ्याशिवाय निकाह?" रेहानला रडू फुटलं.

सुरैय्याने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "निकाह वेळेवर होईल. तू नूरुद्दीन चाचांना फोनवर तुझा वकील नेम, तुझ्या जागी ते वली म्हणून बसतील. पण पाठवणी तुझ्याच हातून. यल्ला, चल, आता नाक पूस."

शुक्रवारी निकाह झाला. पाठवणी थांबली म्हटल्यावर नवरदेवाची, रिझवानची, आई उसळली. "सुरैय्याभाभी, हॉल सहाला रिकामा करायचाय. वऱ्हाड काय रस्त्यावर उभं करू?"

"रस्त्यावर कशाला? एअरपोर्टला एसी आहे."

"ओ माय गॉड, अम्मी!" माहनूर कुजबुजली.

सुरैय्या हसली नाही. "बाप नाही तिला. भाऊ तरी असू दे."

सगळ्यांत आधी उठला तो रिझवान. "चल ना, अम्मा. माझ्या मेहुण्याला घ्यायला मी जाणारच होतो."

मग काय! जरीच्या शेरवान्या, अत्तराचा घमघमाट, फुलांनी मढलेली नौशीन, अख्खं वऱ्हाड आगमनाच्या दारात. टॅक्सीवालेसुद्धा फोटो काढत होते. रेहान बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. मग ट्रॉली सोडून धावत सुटला.

"अम्मी, जा ना पुढे!" माहनूरने तिला ढकललं.

"त्यांना भेटू दे आधी."

गर्दीच्या मधोमध रेहानने नौशीनचा हात रिझवानच्या हातात दिला. सुरैय्या मागेच होती. रेहानची ट्रॉली उतारावरून घसरत चालली होती, ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.