नळीतली रेघ

हातोडीचा दांडा कोपरावर बसला तसं प्रतापच्या हातातलं फावडं वाफेच्या इंजिनाच्या लोखंडी तळावर आदळलं.

“उशीर,” म्हातारे ड्रायव्हर इसोबे-सान म्हणाले. “पुन्हा म्हण.”

मुंग्या थेट करंगळीपर्यंत गेल्या होत्या, पण चोळत बसायची मुभा नव्हती. प्रतापने बॉयलरवरच्या उभ्या काचनळीकडे बोट रोखलं, नळीत अर्ध्यावर थरथरणारी पाण्याची रेघ पाहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “पाणी, योशी.” योशी म्हणजे ठीक. इसोबे-साननी तिकडेच बोट करून तेच म्हटलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. ड्रायव्हर आणि भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन, दोघांनी बोट दाखवून पुकारल्याशिवाय चाक हलायचं नाही. जपानी रेल्वेत ही रीत सगळीकडे आहे. दांडा मात्र इसोबे-सानचा स्वतःचा.

आता हाच प्रताप सोमवार ते शुक्रवार तोक्योत मुंबईच्या एका बँकेची सिस्टिम्स टीम चालवायचा. तिथे कुणी नुसता आवाज चढवला असता तरी त्याने थेट मुंबईला मेल टाकली असती. आणि इथे? त्सुकुबाच्या पलीकडे डोंगरात चुनखडीच्या खाणीची एक बंद पडलेली लाइन काही हौशी लोकांनी पुन्हा जागी करायला घेतली होती. पगार नाही, डबा घरचा, कपडे कायमचे काळे. तिथे सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचा मार खायला हा गृहस्थ दर रविवारी तोक्योशेजारच्या उरायासुहून भल्या सकाळी निघायचा, आणि निघताना शीळ घालायचा.

वृंदाला ती शीळ डोक्यात जायची. त्या रविवारी तो आंघोळ करून बाहेर आला आणि तिने त्याचा हात धरून दिव्याखाली नेला. कोपर वांग्याच्या रंगाचं झालं होतं.

“मागच्या आठवड्यात पाठ. आज हे. परत म्हातारा?”

“इसोबे-सान म्हण. शिकवतात ते.”

“तुझ्या बाबांनी कधी बोट लावलं नाही तुला.”

“म्हणून तर मला काही आलं नाही.” प्रताप हसला. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, वृंदा.”

“देव कशाला व्हायचंय? उद्या ऑफिसला जायचंय तुला.” तिने मलम त्याच्या हातात आपटलं. “आणि त्या कुरिहारांना दिसत नाही का हे? एवढे सज्जन म्हणवतात स्वतःला.”

कुरिहारा-सान त्या हौशी लोकांच्या संस्थेचे चिटणीस. गावात त्यांचं वह्या-पेनांचं दुकान, स्वभाव साखरेसारखा. त्यांना दिसत होतं. सगळ्यांनाच सगळं दिसत होतं, आणि प्रतापलाही एक गोष्ट दिसली होती जी त्याने वृंदाला सांगितली नव्हती. दुपारच्या सुट्टीत इसोबे-सान किटली उचलत आणि चहाची धार कपाच्या बाजूला सोडत. कुरिहारा-सान बोलता बोलता कप हळूच धारेखाली सरकवत. कुणी नजर वर करत नसे. जन्मभर गाड्या चालवलेला माणूस, त्याच्या नावावर परवाना, त्याच्या नावावर हे इंजिन. त्याला कोण म्हणणार की तुम्हाला नीट दिसत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. रेल्वेवाल्यांना दाखवायचा डोळ्यांचा दाखला कुठल्याशा ओळखीच्या डॉक्टरने दिला होता, आणि उद्घाटन पुढच्या महिन्यावर आलं होतं.

आणि प्रतापला फायरमन व्हायचं होतं. उद्घाटनाच्या दिवशी, गावातली पोरंटोरं डब्यात भरलेली असताना, त्या इंजिनात, उजव्या बाजूला. असं हावरटासारखं त्याने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. नोकरी मिळाली, वृंदा मिळाली, जपान मिळालं. हे मात्र त्याला हवं होतं.

चाचणीच्या दिवशी दोन डबे जोडले. सभासदांच्या घरची माणसं बसली, वृंदाही आली. चढ सुरू व्हायच्या आधी प्रतापने बॉयलरमध्ये पाणी सोडायच्या चाकाला हात घातला, तर मनगटावर दांडा पडला.

“पुरे आहे,” इसोबे-सान म्हणाले. “चढावर जास्त पाणी नको. पाणी, योशी.”

“पाणी, योशी,” प्रताप म्हणाला. रेघ जरा खाली होती, पण होती.

चढ लागला. इंजिन धापा टाकायला लागलं, प्रताप फावडी मारत राहिला, भट्टीच्या उजेडाने डोळे दिपत होते. बोगद्याच्या अलीकडे इसोबे-साननी बोट रोखलं. “पाणी, योशी.”

प्रतापने नळीकडे पाहिलं. नळी स्वच्छ. रेघच नाही.

आता यातली मेख अशी, की काठोकाठ भरलेली नळी आणि साफ रिकामी नळी दिसायला एकसारखीच. दोन्हींत रेघ नसते. भरलेली असेल तर फारसं बिघडत नाही. रिकामी असेल तर भट्टीच्या माथ्यावरचं पाणी उतरलेलं असतं, उघडं लोखंड तापून मऊ होतं, आणि मग बॉयलर फुटतो. तो फुटला की इंजिनात कुणी उरत नाही, मागच्या डब्यात कितीजण उरतील तेही सांगता येत नाही.

“पाणी, योशी,” प्रताप म्हणाला. डोळ्यांनी पाहिलं एक आणि जीभ बोलून गेली दुसरं. इतके रविवार मार खाऊन त्याची जीभ तयार झाली होती.

मग स्वतःचे शब्द त्याच्याच कानांवर पडले. तो वाकला आणि नळीच्या तळाची तोटी उघडली. तिथून पाणी यायला हवं होतं. कोरडी वाफ फिसकारत आली.

“पाणी नाहीये,” तो ओरडला. “थांबवा. आग पाडू द्या.”

“योशी म्हणालो ना मी.” दांडा खांद्यावर पडला, पुन्हा मानेवर पडला. प्रताप वाफ बंद करायच्या दांड्याकडे झेपावला, तर म्हाताऱ्याने कोपर त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. रक्ताची चव आली. प्रतापने त्याची कॉलर धरून ओढलं, म्हाताऱ्याने त्याच्या बरगडीत गुद्दा हाणला, एकदा, दोनदा, आणि एक हात वाफेच्या दांड्यावरून काढला नाही. काय ताकद होती त्या हातात. प्रतापने फावडं उचललं आणि त्याच्या डोक्यावर घातलं.

इसोबे-सान कोळशाच्या ढिगावर कोसळले. प्रतापने वाफ तोडली, ब्रेक ओढला, भट्टीखालची जाळी हिसके देऊन उलटी केली. आग भसाभसा रुळांवर पडली. गाडी किंचाळत थांबली. खरं सांगायचं तर त्या एका क्षणात, फावडं बसलं त्या क्षणात, त्याला बरं वाटलं होतं. त्याचीच त्याला किळस आली.

खाली उतरवलं तेव्हा इसोबे-सानच्या भुवईतून रक्त गळत होतं. सगळे धावत आले. वृंदा सगळ्यांत पुढे होती. प्रतापचा ओठ पाहून तिने तोंडावर हात दाबला.

“काय झालं?” कुरिहारा-साननी विचारलं.

इसोबे-सान खडीवर बसले होते. उन्हात डोळे बारीक करून ते म्हणाले, “पाय घसरला.”

“घसरणारच,” कुरिहारा-सान लगेच म्हणाले. “कोळशाची भुकटी. मी मागेच म्हणालो होतो, तिथे चटई टाकू या.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी चटईचं मापही विचारलं. रुळांवर सांडलेल्या निखाऱ्यांकडे कुणी पाहिलं नाही. कुरिहारा-सान प्रतापच्या कानाशी आले, त्याच्या फाटक्या ओठावर स्वतःचा रुमाल ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यात फायरमन तूच, प्रताप-सान. मी लिहूनही टाकलंय.”

हवं होतं ते असं हातात आलं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं, सगळे तेच करत होते.

“प्रताप,” वृंदा मराठीत म्हणाली, “खरं काय झालं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. उत्तर मात्र जपानीत दिलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मी फावड्याने मारलं त्यांना. बॉयलरमध्ये पाणी नव्हतं. त्यांना नळी दिसत नाही. कितीतरी दिवसांपासून दिसत नाही, आणि हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.”

कुरिहारा-सानचा चेहरा पांढरा पडला. “प्रताप-सान, ज्येष्ठांवर हात उचललास,” ते म्हणाले. “माफी माग.” बाकीचं जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. मागून कुणीतरी पुटपुटलं, बाहेरचा माणूस आहे, त्याला काय कळणार.

इसोबे-सान उठून उभे राहिले. रक्त गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं. इतक्या दिवसांत प्रतापने त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. फावड्याने जे झालं नव्हतं ते या चार वाक्यांनी झालं होतं.

प्रतापला माफी मागायचीच होती, मारल्याबद्दल. तो त्यांच्यासमोर गेला, टाचा जुळवल्या, हात मांड्यांशी धरले आणि एक शब्दही न बोलता कमरेतून वाकला. इथे शिकला तसा, पाठ जमिनीला समांतर. तसाच थांबला.

इसोबे-साननी हात उगारला. सगळी ताकद लावून त्यांनी थोबाडीत मारली, प्रतापचं तोंड मघाशी जिथे होतं तिथे. हात वाकलेल्या पाठीच्या वरून मोकळ्या हवेतून गेला. त्यांचा तोल गेला, ते स्वतःभोवती अर्धे फिरले आणि पडणार तेवढ्यात प्रतापने त्यांना कमरेत धरलं.

वाकून माफी मागणाऱ्यावर या देशात कुणी हात टाकत नाही. इसोबे-सान तर मुळीच टाकणार नाहीत. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुरिहारा-साननी मान खाली घातली. मागच्या पुटपुटणाऱ्यानेही.

म्हाताऱ्याचं हाडकुळं अंग प्रतापच्या हातांत होतं. त्यांची बोटं चाचपडत त्याच्या खांद्यावर आली, तिथून मानेवर, जिथे दांड्याचा वळ उठला होता.

“तू वाकला होतास?” त्यांनी हळू विचारलं.

“हो,” प्रताप म्हणाला.