हॅगनसाहेबांची किक

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका वृद्धाश्रमात सुलभा मराठे फिजिओथेरपिस्ट होती. १९८४च्या वसंतात तिच्याकडे ब्याण्णव वर्षांचे वॉल्टर हॅगन आले. डाव्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण म्हातारबुवा पाऊल टाकायला तयार नव्हते.

"तरुणपणी काय करायचात?" तिने विचारलं.

"मेलबर्नला फुटबॉल खेळायचो. आमचा ऑस्ट्रेलियन, लांबट चेंडूचा. वयाच्या विसाव्या वर्षी गुडघा गेला आणि क्लबने नारळ दिला. मग इथे येऊन चाळीस वर्षं जर्दाळूच्या बागा सांभाळल्या."

"गुडघा गेल्यावर परत कसे चालायला लागलात?"

"मैदानावर जाऊन. खोलीत बसून कोण चालायला लागतं?"

सुलभाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ती अमेरिकन फुटबॉल घेऊन आली आणि त्यांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या हिरवळीवर घेऊन गेली.

"हा फारच टोकदार आहे," चेंडू चाचपत ते म्हणाले, "पण चालेल."

उजव्या पायाने किक मारायची, तर सगळा भार डाव्या खुब्यावर येणार होता. सुलभाला तेच हवं होतं. तिने त्यांना वॉकरच्या आधाराने उभं केलं आणि त्यांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला. एका हाताने वॉकर धरून हॅगननी दुसऱ्या हातातला चेंडू पायावर सोडला आणि पाय झोकला. चेंडू जेमतेम दहा पावलं गेला.

"वाकडी गेली," ते नाराजीने म्हणाले. "आण तो परत."

"तुमचा चेंडू आहे, तुम्हीच आणा," सुलभा म्हणाली.

हॅगननी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग वॉकर पुढे सरकवला आणि ते चालू लागले.