माझ्या घट्ट गाठीआड

मित्रांनो, मी एक जुना चितेंजे आहे. मलावीतल्या बाया कमरेला गुंडाळतात, बाळ पाठीला बांधतात, ते छापील कापड. माझ्यावर ठिपक्यांच्या कोंबड्या होत्या. आता ठिपके तेवढे उरलेत.

एनेलेसीने मला पहिल्या बाळासाठी घेतलं. आमच्याकडे बाळंतपणाला जाताना कापड आपलं आपणच न्यायचं असतं. तिच्या सासूने मला धुऊन उन्हात वाळवलं, तेव्हा मी काय फुशारलो होतो!

दवाखान्यात बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सिस्टर झिओने एकटीच होती, शेजारच्या खाटेवर दुसरी बाई कळांनी ओरडत होती. सिस्टरने डोकं धरून ओढलं. जोरात ओढलं. मुलगी रडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "ही घ्या तुमची राणी!" म्हणत सिस्टरने तिला माझ्यात गच्च गुंडाळलं आणि ती पलीकडे धावली.

मला तेव्हाच कळलं होतं. उजवा हात माझ्या आत धडपडत होता, डावा नुसता पडून होता. मला तोंड नाही, हे खरं. पण सैल पडायला तोंड कशाला लागतं? "काय सुरेख बांधलंय बाळ!" असं बाया म्हणत होत्या, आणि मला ते ऐकायला आवडत होतं. म्हणून मी घट्टच राहिलो.

घरी सासूचा, म्हणजे आता आजी झालेल्या तिचा, दंडक होता. नाळ पडेपर्यंत बाळ बाहेर न्यायचं नाही, उघडं टाकायचं नाही.

"आई, हिचा डावा हात असा गळल्यासारखा का हो?" एनेलेसीने एकदा विचारलं.

"झोपेत आहे ती. वारा लागेल, झाक आधी!" आजी करवादली. मी निमूट झाकलं.

पुढे कितीतरी दिवसांनी लस टोचायला नेलं, तेव्हा सिस्टर झिओनेनेच मला उघडलं. तिने डावा हात उचलून सोडला. तो तसाच खाली पडला. ती एनेलेसीकडे वळली.

"बाई, हे माझ्या हातून झालंय. ओढलं मी, तेव्हा मानेतली हाताची नस ताणली गेली, आणि नंतर नीट बघितलंही नाही."

"लवकर आणलं असतं तर?" एनेलेसीने रडत विचारलं.

"कदाचित जास्त सुधारला असता," सिस्टर म्हणाली. सोबत आलेली आजी माझी घडी घालत राहिली.

मग रोज व्यायाम झाले. हात बराच सुधारला, पण खांद्याच्या वर अजून जात नाही. ते 'कदाचित' मला आजही टोचतं.

मित्रांनो, बाळ झाकण्याआधी एकदा पुरतं उघडून बघा. दोन्ही हात हलतात का, ते बघा. शंका आली तर लगेच दाखवा.

आता मी फाटलोय. तीच मुलगी, तामांडा, आता मोठी झालीय; माझ्या तुकड्याने चिंध्यांची बाहुली पाठीला बांधते, एक टोक दातात आणि दुसरं उजव्या हातात धरून. काल आजी मदतीला आली, गाठ ओढू लागली.

"आजी, थांब ना! आधी तिचे हात बघ."

आजीने गाठ सोडली. बाहुलीचे दोन्ही हात बाहेर काढले. मग तामांडाचा डावा हात गालाशी धरून ती कितीतरी वेळ रडत बसली, आणि डोळे पुसायला तिने मलाच घेतलं.