दहा थांब्यांपर्यंत

बस डेपोत नव्या चालकांची स्वभावचाचणी घेणं हे परीक्षक बाईंचं काम. दीडशे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून अहवाल लिहायचा.

त्यांनी पास केलेल्यांत एक चालक होता, त्याला सगळे थंडोबा म्हणत. चौदा वर्षांत त्याचा आवाज कधी चढला नव्हता. कुणी अंगावर धावून आलं, तरी हा शांतपणे पुढचा थांबा सांगायचा.

एका मंगळवारी सकाळी त्याने पुलाच्या अलीकडे बस कडेला घेतली, हातब्रेक ओढला, दारं उघडली आणि चाळीस प्रवाशांना तिथेच सोडून तो चालू लागला.

चौकशी लागली. साहेबांनी बाईंचा जुना अहवाल पुढे सरकवला. ‘अत्यंत संयमी. घरची अडचण कामावर आणणार नाही.’ खाली बाईंचीच सही होती.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या घरी गेल्या. बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली. तो खाली मान घालून बोलत राहिला. त्याच्या धाकट्या भावाला त्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. तो भाऊ त्या मंगळवारी पहाटे वारला. बदली चालक नव्हता, म्हणून हा इस्पितळातून थेट डेपोत आला. पर्यवेक्षकाला त्याने सांगितलंही. पर्यवेक्षकाने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, तू आहेस म्हणून काळजी नाही.

“दहा थांबे सांभाळलं, बाई,” तो म्हणाला. “मग पुढचा थांबा कुठला, तेच आठवेना. मागे माणसं बसलेली. म्हटलं, आता आपण चालवणं बरं नाही.”

चौकशीत बाई उभ्या राहिल्या. “अहवाल खोटा नाही, साहेब. शंभरातले नव्वद दिवस हा माणूस असाच वागेल. उरलेले दिवस कुठले, ते माझ्या कागदाला कळत नाही. त्या सकाळी कुणी त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर कळलं असतं.” पर्यवेक्षकाने मान खाली घातली. बाईंनी स्वतःलाही सोडलं नाही. ‘घरची अडचण कामावर आणणार नाही’ हे वाक्य त्याच्या कुठल्याच उत्तरात नव्हतं, आपणच ते लिहिलं, आणि ते वाचून लोकांनी त्याला विचारणं सोडून दिलं, असं त्यांनी सांगितलं.

त्याला महिनाभर घरी बसवलं. बाईंनी जुन्या फायली काढल्या आणि तसली वाक्यं एकेक करून खोडली. खाली तारीख घालून सह्या केल्या.

तो परतला, तो पूर्वीसारखाच शांत. डेपोला हायसं वाटलं. बाईंना वाटलं नाही.