वाढत्या अंगाची अक्षरं

एकाहत्तर सालच्या मिरजगावच्या जत्रेत रंगारी तापानं फणफणला, म्हणून कुस्त्यांच्या मैदानाबाहेर, रस्त्याकडेला लावायचा फलक सहादेव शिंप्याकडं आला. त्यानं लाल कापडाची अक्षरं कातरली; पण हात पोरांचे सदरे बेतणारा, त्यानं अक्षरंही वाढत्या अंगाची बेतली. ‘जं’चं पोट सुटलं, ‘गी’ची वेलांटी फेट्याच्या शेमल्यागत डुलली, आणि ‘जंगी कु’ लागताच फलकाची जागा संपली. ‘स्त्या’ हातातच राहिला.

सरपंच कडाडले, "कुत्र्यांची झुंज हाय व्हय रं? आता सदऱ्यावर ‘स्त्या’ शिव अन् फलकाशेजारी तूच उभा ऱ्हा! हाललास तर बघ."

सहादेवाचं तोंड उतरलं. वर्षभर वाट पाहिलेल्या कुस्त्या सोडून रस्त्यावरच्या बैलगाड्या मोजायच्या!

बायकोनं, छबूबाईनं, सदरा ओढून घेतला. "पाठीवर शिवते."

"पाठीवर का गं?"

"अवो, रस्त्याला पाठ दावली, तर त्वांड कुठं व्हईल?"

सरपंच दोनदा येऊन बघून गेले. सहादेव तसूभरही हलला नव्हता; मैदानात कुणी चितपट झाला, की ‘स्त्या’ तेवढा उड्या मारायचा.