तीन नंबरची मूठ

आई अडीच तास बाथरूममध्ये अडकून पडली, तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. खिडकी उघडी होती, वाऱ्याने दार लागलं आणि आतून तिला मूठ फिरवता येईना. फोन स्वयंपाकघरात. दुपारी मी पोचले, हाका मारल्या, तेव्हा आतून आवाज आला, "इथे आहे. घाई नको करूस, मी कुठे जात नाही."

मी बाहेरून मूठ फिरवली. दार नेहमीसारखं उघडलं, अजिबात आवाज न करता. आई उलट्या बादलीवर बसली होती. बोटांचे सांधे सुजलेले, तळहात लाल. टॉवेल गुंडाळून, गाऊनच्या टोकात धरून, सगळं करून झालं होतं.

"हे बदलायचं," ती म्हणाली. "दांड्याचं हँडल लावायचं. खाली दाबलं की उघडतं ते. कोपरानेसुद्धा."

मी म्हटलं, बघू.

बाबा दारांच्या मुठी करायचे. पितळेच्या, लेथवर कातून, एकेक. सौंदर्य ही आवडीनिवडीची बाब आहे हे त्यांना मान्यच नव्हतं. "'मला आवडतं' हे आळशी माणसाचं वाक्य," म्हणायचे. "चांगलं ते चांगलं असतं, तुला कळो न कळो." आणि ते सिद्ध करायला त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात सात गोल मुठी, पितळ एकच, वजन एकच, फरक फक्त घाटाचा. घरामागच्या वर्कशॉपमध्ये येईल त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, एकेक मूठ हातात द्यायची आणि विचारायचं, कोणती? उत्तर वहीत लिहायचं. तीस वर्षांत दोनशे चौदा माणसं झाली. त्यांतली एकशे ऐंशी म्हणाली, तीन. डॉक्टर, पोस्टमन, एकदा तर नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस. "आता सांग," बाबा म्हणायचे, "हे मत आहे की मोजमाप?"

मी पुढे या विषयावर बरंच वाचलं. प्रमाणबद्धतेवरची जाड पुस्तकं, आणि ती खोडून काढणारी त्याहून जाड पुस्तकं. बाबांच्या वहीइतकं भक्कम मला कशातच काही सापडलं नाही. आईच्या घरातल्या सहाही दारांना तीन नंबरची मूठ आहे. माझ्या घरच्याही.

दुसऱ्या दिवशी आईने परस्पर कुलूपवाल्याला बोलावलं. तो पिशवीतून हँडल काढायला लागला तेव्हा मी पेटी आणली.

"एक मिनिट," मी आईला म्हटलं. "यांना विचारू. यांनी तीन म्हटलं तर मूठ राहील. मी आत बटण दाबलं की शेजारच्या मावशींकडे वाजेल अशी घंटा बसवून देते."

"म्हणजे मी आत बसून घंटा वाजवायची."

"तोवर काहीतरी सुचेल."

कुलूपवाल्याने मुकाट्याने डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. या घरातल्या लोकांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. सातही मुठी त्याने नीट, दोन्ही हातांत धरून पाहिल्या. शेवटी त्याचंही आयुष्य मुठी धरण्यातच गेलं होतं.

"पाच," तो म्हणाला.

"पुन्हा एकदा बघा."

"ताई, पाच. तीनही वाईट नाही. पण पाच."

मी शेजारच्या मावशींना बोलावलं. त्यांनी सहा म्हटलं. त्यांची सून आली, तिनेही पाच म्हटलं आणि विचारलं, "जिंकलं की काही मिळतं का?"

आई खुर्चीत बसून बघत होती. "झालं समाधान?"

"तीन माणसांवरून काही ठरत नाही," मी म्हटलं. पण शब्द दिला होता. "फक्त बाथरूमचं बदला. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

त्याने मूठ काढली. मुठीतून जाणारा चौकोनी गज काढला, आणि नवा गज आखूड पडतोय असं त्याच्या लक्षात आलं. दार जाड होतं, बाबांनी निवडलेलं. "दुकानातून आणतो, पंधरा मिनिटांत आलोच," म्हणून तो गेला.

मी आत जाऊन दाराचं भोक बघत होते. पितळेखालचं लाकूड फिकट राहिलं होतं, एक स्वच्छ गोल. तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि माझ्या पाठीमागे दार लागलं.

फिरवायला काही नव्हतंच. मी भोकात बोट घातलं, केसातली पिन घातली. काही उपयोग नाही.

"लागलं का?" बाहेरून आई.

"हो."

"बादली उलटी कर आणि बस." मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ती दाराशी येऊन बसली. भोकातून तिच्या साडीचा निळा तुकडा दिसत होता.

"काल काय केलंस अडीच तास?" मी विचारलं.

"फरशा मोजल्या. दोन वेळा वेगळ्या आल्या."

मी भिंतीकडे पाहिलं. बाबा होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईची बोटं तर चार-पाच वर्षांपासून तशीच होती.

"बाबा असताना काय करायचीस?"

"मी हाक मारायचे. ते येऊन उघडायचे. कधी रागावले नाहीत हो. लेथ बंद करून यायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी. एकदा मी म्हटलं, दुसरी बसवू या का. तर आठवडाभर धड जेवले नाहीत. मग नाही म्हटलं कधी."

मला भिंतीला टेकावंसं वाटलं, पण भिंत ओली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू त्या कुलूपवाल्याला तीन नंबर गार दिलीस."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांच्या ती खिशात असायची. दिवसभर. बोलताना हातात खेळवायचे, मी कितीदा म्हटलं खिसे फाटतात म्हणून. वर्कशॉप ते असं थंडगार. सहा मुठी पेटीतल्या, बर्फासारख्या, आणि एक खिशातली. डोळे बांधलेल्या माणसाला काय हवंहवंसं वाटणार?"

एकशे ऐंशी माणसं. पोस्टमन तर हिवाळ्यात आला होता, बाबा तो किस्सा नेहमी सांगायचे.

"त्यांना माहीत होतं?"

"छे. त्यांचा हातच ऊन. त्यांना कुठलीच गार लागायची नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस. तीस वर्षं."

"सांगून काय करायचं होतं, बाई? माणूस एका गोष्टीवर उभा होता."

मी बादलीवर बसून होते. मी सहा वर्षांची असताना बाबांनी माझेही डोळे बांधले होते. मी दोन म्हटलं होतं. दोन नंबरला मधे एक खोलगट भाग होता, माझा अंगठा त्यात बरोबर बसायचा. बाबा म्हणाले, नीट धर. मी पुन्हा दोन म्हटलं. ते म्हणाले, घाई करू नकोस. तिसऱ्यांदा मी तीन म्हटलं आणि त्यांनी मला उचलून घेतलं. वहीत माझ्या नावापुढे तीन आहे.

कुलूपवाला आला. भोकात गज घालून त्याने दार उघडलं आणि हसू दाबलं. मी बाहेर आले. आईने पेटी खिडकीत, उन्हात ठेवली होती.

"सगळ्या सारख्या तापल्यात," ती म्हणाली. "आता तू धर. डोळे मीट."

मी धरल्या. सावकाश, एकेक, मधे थांबून. दोन नंबरवर जास्त वेळ थांबले. खोलगट भाग आता अंगठ्याला लहान पडत होता. मग पुढची हातात आली आणि बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली.

"तीन," मी म्हटलं.

मला वाटलं आई हसेल. ती म्हणाली, "चांगली आहेच ती. मी कुठे नाही म्हणते? मला उघडता येत नाही, एवढंच."

कुलूपवाल्याने हँडल बसवलं. पातळ पत्र्याचं, राखाडी, दोन स्क्रू उघडे. आईने कोपराने दाबून पाहिलं. टक. ती आत गेली, दार लावून घेतलं. टक. बाहेर आली.

"बाकीच्यांचं काय?" कुलूपवाल्याने विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पुन्हा दार लावत होती.

"बाकीच्या पाचही काढा," मी म्हटलं.

तो उरलेली हँडलं आणायला गेला. आई आत-बाहेर करत राहिली, टक, टक, लहान मुलीसारखी, मधेच आतून म्हणाली, "अगं, बघ ना." मी बघत होते. वरचा स्क्रू मधोमध नव्हता, केसभर डावीकडे गेला होता. मी नजर दुसरीकडे वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा तो तिथेच होता.